बंदूकवाली बाई आणि बाबांचं बोट

माझ्या वयाच्या बायका हल्ली मोबाइलवर एकमेकींना काय वाट्टेल ते पाठवतात. परवा एकीनं लिहिलं, आपल्या पिढीला खरं धाडस कोणी दिलं असेल, तर इंग्रजी सिनेमांतल्या त्या बंदूकवाल्या बायांनी. खाली सगळ्यांनी टाळ्या आणि लाल बदाम टाकलेले. मी इतक्या जोरात हसले की नवऱ्यानं आतून विचारलं, काय झालं? धाडस म्हणे! ज्या बाईला जन्मात कधी पाव्हण्यांसाठी पोळ्या लाटाव्या लागल्या नाहीत, ती मला धाडस शिकवणार.

मी या बाया भरपूर पाहिल्या आहेत. अंतराळयानात राक्षस मारणाऱ्या, वाळवंटात ट्रक पळवणाऱ्या, दोन्ही हातांनी गोळ्या झाडणाऱ्या. आपल्या हिंदीतल्याही पाहिल्या. घोड्यावर बसून चाबूक फिरवायचा, आणि शेवटच्या रिळात हिरो आला की त्याच हातानं पदर सावरायचा. या सगळ्यांशी माझी ओळख भिलाईच्या सेक्टर दहामध्ये झाली, आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत.

आमच्या रस्त्यावर पाच-सहा मराठी घरं होती. सगळी विदर्भातली, कोणी वर्ध्याचं, कोणी अमरावतीचं, सगळे तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये अधिकारी नाहीतर क्लार्क. महिन्यातून एखाद्या रविवारसाठी शनिवारीच भाड्यानं व्हीसीआर आणायचा, आणि एकेका घरी आळीपाळीनं सगळ्यांनी जमायचं, अशी पद्धत. सकाळी म्हाताऱ्यांसाठी देवाचा सिनेमा, मग सगळ्यांसाठी हिंदी, आणि जेवणं झाल्यावर पुरुषमंडळींची फर्माईश म्हणून इंग्रजी. इंग्रजी म्हणजे मारामारी. प्रेमाचा इंग्रजी सिनेमा घरात आणायची कोणाची छाती नव्हती.

तरी मारामारीच्या सिनेमातही इंग्रजांचा काय भरवसा? म्हणून बाबा आदल्या दिवशी संध्याकाळी दार लोटून एकटेच तो सिनेमा पाहून घ्यायचे. याला आमच्या रस्त्यावर 'पास करणं' म्हणत. दुसऱ्या दिवशी बाबा व्हीसीआरला खेटून स्टुलावर बसत आणि एक बोट फॉरवर्डच्या बटणावर ठेवत. नको ती जागा आली की बोट दाबलं जायचं. पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या, माणसं तुरुतुरु धावायची, तोंडं भराभर हलायची. तेवढ्या वेळात बायकांनी बांगड्यांकडे पाहायचं, पुरुषांनी खाकरायचं, आणि आम्ही पोरींनी जमिनीवरची फरशी न्याहाळायची. हे कोणी शिकवलं नव्हतं, पण चुकायचं कोणी नाही. बोट सुटलं की सगळ्यांच्या माना वर.

बोट फक्त कमी कपड्यांना आणि जवळ येण्याला दाबलं जायचं. मुंडकी उडाली, आतडी बाहेर आली, माणसं भाजून निघाली, तरी बोट ढिम्म. दोन तोंडं एकमेकांजवळ येताना पाहून पोरं बिघडतात, एक माणूस दुसऱ्याला आडवा कापताना पाहून बिघडत नाहीत, हा आमच्या वडीलधाऱ्यांचा शोध होता.

बाबांचं दुसरं काम दुभाष्याचं. कूलरच्या आवाजात ते इंग्रजी कोणाच्याच कानात शिरायचं नाही. म्हणून बाबा चालता सिनेमा समजावून सांगत. "ती म्हणून राहिली, मागे सरका, मी पाहतो एकेकाले." मग पडद्यावरची गोरी बाई खरंच एकेकाला पाहायची. आमच्या लेखी ती बाबांच्याच आवाजात बोलायची, आणि तेही शुद्ध वर्ध्याचं.

पोळ्या, भजी, चहा हे सगळं मागे आई आणि काकू मंडळींकडे. पडद्यावर बाई राक्षसाची मान मुरगळायची आणि तिच्या पुढून आई चहाचा ट्रे घेऊन वाकून जायची. लगेच कोणीतरी ओरडायचं, "सरका न जी वहिनी, दिसून नाही राहिलं!" आई पुढचे कप तशीच कोपऱ्यातून हात लांब करून द्यायची. पूर्ण सिनेमा तिनं कधी पाहिला नाही. तिला राक्षस कुठून आला ते माहीत असायचं नाही, आणि कसा मेला तेही.

मी बारावी झाले त्या उन्हाळ्याची गोष्ट. रायपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मला मेटलर्जीला प्रवेश मिळत होता. भिलाईतल्या मुलीला मेटलर्जी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला जावं, तर प्लांटच्या बाजूचं आभाळ भट्टीतला वितळलेला मळ ओतल्यावर लाल व्हायचं. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी घरच्यांना प्लांट पाहायला मिळायचा. एका वर्षी बाबांनी आम्हालाही नेलं होतं. भट्टीचं तोंड उघडलं, पोलाद खाली उतरायला लागलं, आणि आई पदर तोंडावर घेऊन मागे सरली. मी सरले नाही. समोर निळी काच लावलेला चष्मा घालून एक इंजिनिअर हातानं खुणा करत होता, आणि ते पातेलंभर ऊन त्याच्या हाताप्रमाणे वळत होतं. मला तिथं उभं राहायचं होतं. एवढंच. मला कोणाला मारायचं नव्हतं, कोणाचा सूड घ्यायचा नव्हता, जग वाचवायचं तर मुळीच नव्हतं.

बाबांना मी विचारलं. बाबा म्हणाले, "पाहू." दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "रविवारी सांगतो." पुढच्या आठवड्यात रायपूरला जाऊन हो किंवा नाही कळवायचं होतं, म्हणून रविवार मलाही चालण्यासारखा होता. तो रविवार नेमका आमच्या घरी व्हीसीआरचा निघाला.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी दार लोटून सिनेमा पास केला. बाहेर आले ते थेट हात धुवायला गेले. आईनं विचारलं, "चांगला आहे का जी?" बाबा म्हणाले, "आहे ठीक. बाईमाणसाचा आहे." पानावर बसल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वरणात मीठ कमी आहे म्हणाले. वरणात मीठ बरोबर होतं.

रविवारी दुपारी खोली गच्च भरली. खिडक्यांना चादरी लावल्या. सिनेमा असा होता: एक मोठं यान, त्यात बरेच पुरुष आणि ही एक बाई. तिला पृथ्वीपासून लांब कुठल्याशा ग्रहावर यंत्रं दुरुस्त करायला पाठवतात. तिकडे पुष्कळ पायांचा एक चिकट प्राणी एकेकाला खात सुटतो, आणि शेवटी ही एकटी उरते. बिनबाह्यांचा बनियन, कपाळावर ऑइलची रेघ, हातात तिच्याएवढीच बंदूक. बाबांच्या ऑफिसातले एक काका आमच्या शेजारी राहत. त्यांना तर बसवत नव्हतं. "वाघीण आहे बाप्पा, वाघीण!" असं म्हणत त्यांनी भज्यांच्या ताटावर हात मारला. सगळ्या पुरुषांचे चेहरे फुलले होते. आपलीच मुलगी पहिली आल्यासारखे ते त्या बाईकडे पाहत होते.

सुरुवातीला, यान सुटायच्या आधी, एक जागा आली. ती बाई आपल्या चिंचोळ्या खोलीत येते, बूट काढते, वरचं जाकीट काढते, बनियनवर पलंगावर बसते. समोर भिंतीत एक पडदा उजळतो. बाबांचं बोट दाबलं गेलं. रेघा आल्या. बांगड्या, खाकरणं, फरशी. शेजारच्या काकू "शी" म्हणाल्या. बोट सुटलं तेव्हा बाई बूट चढवत होती. खोलीत बनियनवर बसलेल्या बाईचं पुढं काय होतं ते आम्हाला न दाखवताच समजलेलं होतं, आणि कोणाच्या मनात शंका यायचं कारण नव्हतं.

राक्षस मेला. टाळ्या पडल्या. चादरी काढल्या, उजेड आत आला, आई आणि काकू उष्टे कप गोळा करायला लागल्या. बाबा खुशीत दिसत होते, सगळे खुशीत होते, म्हणून मला वाटलं हीच वेळ. मी म्हटलं, "बाबा, रविवार झाला."

बाबांनी कॅसेट डब्यात घालता घालता सांगितलं, "मेटलर्जी नको. इथंच बीएस्सी कर. घरून येणं-जाणं होते."

"कावून पण?" मी विचारलं. चार लोकांत बाबांना असं 'का म्हणून' विचारायची आमच्या घरी रीत नव्हती. मी विचारलं, एवढी माझी हिंमत.

उत्तर शेजारच्या काकांनी दिलं. अजून त्यांच्या बोटांना भज्याचं तेल होतं. "अवं पोरी, भट्टीपुढे पुरुष माणूस घेरी येऊन पडते. रातच्या शिफ्टमध्ये तं बाईले ठेवतच नाही, कायदा आहे. मंग शिकून करशील काय?" तोच माणूस, तीच खुर्ची. पाच मिनिटांपूर्वी त्यानं एका बाईला एकटीनं यान चालवू दिलं होतं.

बाबा पुढे म्हणाले, "तिकडं आपलं कोणी नाही. तुझ्या आईले झोप नाही लागणार." आईला कोणी विचारलं नाही. ती कप घेऊन आत गेली होती.

मी बीएस्सी केलं. गणित-फिजिक्स शिकवायला लागले. पुढे नागपूरच्या रेल्वेतल्या मुलाशी लग्न झालं. वाईट काही झालं नाही, आणि तेच सगळे मला सांगत आले, की बघ, वाईट काही झालं का?

राग मात्र कुठंतरी जायला हवा होता. बाबा हाताशी होते, पण त्यांच्यावर रागवायची सोय नव्हती. ते वाईट माणूस नव्हते, हात उचलत नव्हते, माझ्या तापात उशाशी बसलेले होते. म्हणून मी त्या बाईवर रागावले. तिच्यावर आणि तिच्या सगळ्या बहिणींवर. त्यानंतर असा एकेक सिनेमा मी चुका काढायलाच पाहिला. तीन दिवस राक्षसाशी झुंजते, पण काखेत घामाचा डाग नाही. महिना महिना यानात असते, पण पोट दुखत नाही, आंबट खावंसं वाटत नाही. यानात एवढी माणसं, स्वयंपाक कोण करतं ते कोणी दाखवत नाही. हिच्यावर अशी वेळ येत नाही की राक्षस दारात आहे आणि आत कोणाच्या तरी चहात साखर कमी पडली आहे.

आणि सगळ्यात मोठी लबाडी म्हणजे या बायांना नातेवाईक नसतात. बाप नाही, काका नाही, शेजारी नाहीत. ज्या बाईला घरी कोणाला विचारावं लागत नाही, तिनं राक्षस मारला तर त्यात नवल ते काय? मलाही द्या एक राक्षस. त्याला निदान मारता येतं. "तुझ्या आईले झोप नाही लागणार" याला कोणती बंदूक चालते ते सांगा. कॉलेजात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, नवऱ्यापुढे, मी हे इतक्यांदा आणि इतकं रंगवून बोलले आहे, की ते माझं मतच होऊन गेलं. लोक हसायचे. मला बरं वाटायचं.

मग घरोघरी केबल आली. त्या वर्षांतल्या एका उन्हाळ्यात मी मुलीला घेऊन माहेरी आले होते. बाबांची रिटायरमेंट जवळ आलेली. दुपारची वेळ, बाबा दिवाणावर लोळलेले, आई खाली बसून चिंचा फोडत होती. कूलर मी जेवणं झाल्यावर काठोकाठ भरून ठेवला होता. माझी दोन वर्षांची मुलगी टीव्हीचा रिमोट दाबत बसली होती, आणि तिनं दाबता दाबता तो सिनेमा लावला. यानातला लांब बोगदा पाहताच मी सिनेमा ओळखला. आता तो हिंदीत केलेला होता. बाई मालिकेतल्या सुनेच्या आवाजात बोलत होती. मी मनात म्हटलं, या बाई या, तुमचीच वाट पाहत होते.

बाबांनी मान वर केली. "हा तं आपण पाहिला आहे. बदलव न."

"राहू द्या," मी म्हटलं.

"दे बेटा, आजोबाले दे तो रिमोट." माझ्या मुलीनं रिमोट फ्रॉकखाली दडवला आणि खदखदून हसली. बाबा उठून बसले. "अवं घे न तिच्याजवळून," ते मला म्हणाले. मी नुसता हात लांब केला असता तरी पुरलं असतं. मी तो लांब केला नाही. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. बाबांना एवढी घाई कशाची ते पाहावं, असं वाटलं असेल.

बाई आपल्या चिंचोळ्या खोलीत आली. बूट काढले, जाकीट काढलं, बनियनवर पलंगावर बसली. आईनं सवयीनं मान खाली घातली आणि चिंचोक्यांकडे पाहायला लागली. केबलला फॉरवर्ड नसतं.

भिंतीतला पडदा उजळला आणि त्यात एक म्हातारा दिसला. दाढी वाढलेली, अंगात जुना स्वेटर. तो तिचा बाप होता. तो म्हणाला, इतकी लांब जाऊ नकोस. तिकडे आपलं कोणी नाही. ते पुरुषांचं काम आहे, तुझ्यानं व्हायचं नाही. तुझ्या आईला झोप लागत नाही. ती सगळं ऐकून घेते. मग म्हणते, मैं जा रही हूँ, पापा. म्हातारा खाली पाहतो. बराच वेळ पाहतो. आणि मग विचारतो, "कब निकलेगी?" ती सांगते. तो मान हलवतो, म्हणतो, पहुँचकर खबर देना. पडदा विझतो. बंदूकवाली बाई दोन्ही हातांत तोंड धरून रडते. नाक पुसते. बूट चढवते.

एवढंच होतं त्यात.

आईनं मान वर केली होती. केव्हा केली ते मला कळलं नाही. हातातली चिंच तशीच. ती म्हणाली, "हे तं तवा नव्हतं."

बाबा दिवाणाखाली पायानं चपला शोधायला लागले.

"याच्यात वाईट काय होतं जी?" आईनं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"कूलरातलं पाणी संपलं वाटते," बाबा म्हणाले, आणि बाहेर गेले. बादली नळाखाली लावल्याचा आवाज आला. भरलेल्या कूलरात त्यांनी आणखी एक बादली ओतली, आणि पाणी खिडकीवरून ओघळत खोलीत आलं.

तेव्हा मला शनिवारची ती संध्याकाळ आठवली, आणि वरणातलं ते बरोबर असलेलं मीठ. बाबांनी तो म्हातारा एकट्यानं, दार लोटून पाहिला होता. त्याची वाक्यं त्यांनी दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी घेतली. तिकडं आपलं कोणी नाही, आईला झोप नाही. शेवटचा प्रश्न तेवढा घेतला नाही. आणि तो प्रश्न मला कोणाच्या तोंडून ऐकूही येऊ नये म्हणून रस्त्यावरच्या सगळ्या मराठी घरांसमोर त्यांनी बोट दाबलं. आम्ही फरशीकडे पाहत बसलो. इतकी वर्षं मी त्या बाईला शिव्या घातल्या, आणि तिला बाप होता. माझ्या बापानं तो कापला होता. मला रडू आलं नाही. मला बाबांची किळस आली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ती यायला इतका उशीर झाला याचं वाईट वाटलं.

बाबा आत आले. धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि दिवाणावर बसले. पडद्यावर आता तो चिकट प्राणी आला होता, पुरुष एकेक करून खाल्ले जात होते, बाईनं बंदूक उचलली होती. बाबांचा जीव भांड्यात पडलेला दिसला. घसा साफ करून त्यांनी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "पाहा, आता ती म्हणून राहिली, मागे सरका..."

आईनं खाली न पाहता पुढची चिंच हातात घेतली.

"राहू द्या," ती म्हणाली. "आमाले हिंदी समजते."